नाटेकर सरांचा प्रेझेंट परफेक्ट

"काम संपलं, पण सावली सरली नाही. हा प्रेझेंट परफेक्ट. शिरलं का रे डोक्यात, दगडांनो?"

हा आवाज ममताने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. हाटकेशच्या या फ्लॅटमध्ये ती ओट्याशी कणीक मळत उभी होती आणि पडद्यापलीकडे, हॉलमध्ये, सतरंजीवर दहावीची पोरं बसली होती. आवाज पडद्याला जुमानत नव्हता. खणखणीत, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर सुपारीसारखं कातरून टाकणारा. तिच्या सासऱ्यांचा, पंढरीनाथ नाटेकर सरांचा आवाज.

"माय वाइफ हॅज गॉन टु द मार्केट. काय समजलं? बायको बाजारात गेली. जाणं तर झालं. पण तिची जागा रिकामी आहे, चहा गार झालाय, नवरा दाराकडे बघत बसलाय. हे सगळं आत्ता चालू आहे. म्हणून हॅज. आणि ती कधी गेली, हे या काळात सांगायचं नाही. काल गेली, दहाला गेली, असं म्हणालात की हा काळ मोडला. मग साधा भूतकाळ घ्या. वेन्ट. गेली, विषय मिटला."

पोरं हसायची. आणि ज्या बायकोला सर रोज फळ्यावरून बाजारात पाठवायचे, त्या हंसाबाई, ममताच्या सासूबाई, तिच्या शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत असायच्या. "मी बाजारात गेले की यांना माझी आठवण येते बघ," त्या हलक्या आवाजात म्हणायच्या. "घरात असले की दिसत नाही."

ममताला तो काळ त्याच दिवशी कळला होता. तिची आई पोलादपूरकडे जात्यावर बसायची, तेव्हा एक ओवी म्हणायची:

दळण सरलं गं । जात्याभोती पीठ राही
माय उठून गेली । पाट अजून ऊन बाई

उठून गेली, पण पाट ऊन आहे. एवढंच तर सर सांगत होते. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. कारण कणीक मळताना एकदा ही ओवी तिच्या ओठांबाहेर पडली, तेव्हा सरांनी पडद्याआडूनच वर्गाला ऐकवलं होतं, "आमच्याकडे जातं नाही, पण घरघर आहे." पोरं खिंकाळली. तेव्हापासून ममताच्या ओव्या तोंडातल्या तोंडात राहिल्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर वेगळं. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, एका विद्यार्थ्याची आई दारात आली. ममताने धीर करून तिला सांगितलं, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स." सर आत पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर होतं. "हे रत्न आमच्याच घरात सापडलं," सर म्हणाले. "कोण काढेल यातल्या चुका?" पुढे दरवर्षी नवी बॅच आली की तेच वाक्य फळ्यावर चढायचं. त्याला नावच पडलं, सूनबाईंचा सिन्स. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरला बसणारा जितेश एकेकाळचा सरांचा विद्यार्थी. तो अजूनही गोळ्या पुडीत बांधता बांधता हळूच हसायचा. ममता वरची चिल्लर न घेताच निघून यायची.

तर असा तो आवाज. आणि तो आवाज गेल्या थंडीत, एका सकाळी, दाढी करता करता गेला.

त्या सकाळी चहात साखर जास्त पडली होती. सर ओरडले. हंसाबाई म्हणाल्या, "दुसरा करते." सर म्हणाले, "काही करू नकोस. तू नसलीस तरी या घराचं काही अडणार नाही." हंसाबाईंनी कप उचलला, मोरीत ओतला आणि दुसरं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत बाथरूममध्ये रेझर पडल्याचा आवाज झाला. सर भिंतीला धरून उभे होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, अर्ध्या गालावर फेस, आणि तोंडातून नुसतं "ह… ह… ह…".

भाईंदर पूर्वेच्या एका हॉस्पिटलात त्यांना आयसीयूत ठेवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आणि ते आत नळ्यांत गुंतून पडले असतानाच त्याच आठवड्यात हंसाबाईंचं हृदय बंद पडलं. न कण्हता, न कुणाला हाक मारता.

पराग, त्यांचा एकुलता मुलगा, ममताचा नवरा. त्याने आईचे दिवस पेणकरपाड्याला उत्तमकाकांकडे उरकले आणि ठरवलं, बाबांना सांगायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, सध्या धक्का नको. सध्या म्हणजे कुठवर, ते डॉक्टर बोलले नाहीत आणि परागने विचारलं नाही. हंसाबाईंचा हार घातलेला फोटो जुन्या गाद्यांखाली माळ्यावर गेला. समोरच्या चंपाबेनना दारातच गाठून बजावण्यात आलं. "मैं कुछ नहीं बोलेगी," त्यांनी पदर तोंडाला लावून सांगितलं आणि खाकऱ्याचा डबा ममताच्या हातात कोंबून त्या घरात पळाल्या.

सरांना घरी आणलं तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे, मग पलंगाच्या दुसऱ्या उशीकडे.

"आई गुहागरला गेलीय बाबा," पराग पटकन म्हणाला. "मावशी आजारी आहे. येईल."

सरांनी मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेत काय होतं, ते घरात एकट्या ममताला कळलं. त्यांना आठवत होती ती सकाळ. चहा. 'काही अडणार नाही.' ते समजले होते की बायको त्या शब्दावर रुसून गेली, आणि हॉस्पिटलातही एकदा डोकावली नाही. ममता उशीचा अभ्रा बदलत होती. 'तसं नाही हो बाबा,' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? तिने अभ्रा बदलला आणि चारही कोपरे नीट ओढले.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा नेहा यायची. स्पीच थेरपिस्ट, वयाने लहान, पाठीवर सॅक, बोलणं भराभर. पहिल्याच दिवशी तिने ममताला नियम घालून दिला. "वहिनी, यांना काहीच आयतं द्यायचं नाही. पाणी, चहा, चष्मा, काहीही. हातात धरायचं, दाखवायचं आणि थांबायचं. मागू दे त्यांना. शब्द अर्धा आला तरी चालेल, पण यायला पाहिजे. दया केलीत तर हे कधी बोलणार नाहीत."

"नाही करणार दया," ममता म्हणाली.

मग नेहाने फोटो काढले. पराग. "प… राग." छान. ममता. "सू… सू…" चालेल, सूनबाई. मग हंसाबाईंचा, परागच्या लग्नातला, नथ घातलेला. "आजोबा, या कोण?"

सरांनी फोटो बघितला. डोळे भरले. डावा हात छातीवर ठेवला.

"हो, तुमच्याच. पण नाव काय?"

सरांनी ओठ मिटले. नेहाने पुन्हा विचारलं. पहिलं अक्षर सुचवलं, "हं…" सरांनी मान फिरवली. नेहा ममताला बाजूला घेऊन म्हणाली, "बघितलंत? सगळ्यात जवळचं नाव, आणि तेच पुसलं गेलंय. होतं असं कधी कधी. वाईट वाटतं."

पुसलं कशाने जाणार? ते त्या जिभेवर कधी चढलंच नव्हतं. नाटेकरांच्या घरात नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, आणि बायकोने नवऱ्याचं तर नाहीच नाही. सर हंसाबाईंना 'ऐकलंस का' म्हणायचे, लोकांत 'आमच्या घरात' म्हणायचे, वर्गात 'माय वाइफ' म्हणायचे. लग्नाच्या दिवशी वरातीतून आल्यावर बायकांनी उंबऱ्यात अडवलं होतं, नाव घ्या तरच आत सोडू. नवे नवे मास्तर झालेले पंढरीनाथ छाती काढून म्हणाले होते, "लेडीज, आय हॅव ब्रॉट युअर डॉटर-इन-लॉ!" बायकांना वाटलं, नवरदेवाने इंग्रजीतून उखाणा घेतला. खसखस पिकली, वाट मिळाली. "मी उभी राहिले की तशीच, तांदळाच्या मापापाशी," हंसाबाईंनी एकदा शेंगा सोलताना सांगितलं होतं. "वाटलं, आत गेल्यावर तरी घेतील. इतकी वर्षं झाली, माझ्या नावाने मला हाक मारणारं या घरात कुणी नाही बघ. माहेरी गेले की भाऊ मारतो, तर मी आधी ओ द्यायलाच विसरते."

ममताने हे सगळं नेहाला सांगायला हवं होतं. नेहा आपल्या टॅबवर लाल खूण करत होती. सर त्या लाल खुणेकडे बघत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल खुणा केलेला माणूस. ममताने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चहा घेणार का नेहा?"

आणि मग सुरू झाला ममताचा वर्ग.

दुपारी खालच्या गाळ्यांतली मशिनं जेवायच्या सुट्टीत थांबली की घर शांत व्हायचं. ममता चहाचा कप घेऊन सरांसमोर बसायची. वाफ त्यांच्या नाकाशी जाईल इतका जवळ, हात पोचणार नाही इतका लांब.

"काय हवंय?"

"च… च…"

"च काय? चप्पल? चमचा?"

"च… हा."

नेहाने एवढ्यावर द्यायला सांगितलं होतं. ममता कप हलवायची नाही. "वाक्यात, सर. इंग्लिशमध्ये. मी तुम्हाला चहा दिलाय का अजून? नाही ना? मग म्हणा, यू हॅव नॉट…"

"यू… हॅ… हॅ…"

"चूक. परत."

हे 'चूक, परत' तिने अगदी त्यांच्या चालीवर म्हटलं होतं. सरांनी चमकून वर पाहिलं. त्यांना कळलं. कानांना काहीच झालं नव्हतं त्यांच्या. कपावर साय धरली, साय सुरकुतली. सरांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्या बाजूने लाळ. ममताने दोन्ही पुसलं, त्याच फडक्याने.

"गार झाला," ती म्हणाली. "आता काय म्हणायचं? इट हॅज बिकम कोल्ड. म्हणजे गार झालाय आणि आत्ताही गार आहे. तुम्हीच शिकवलंय."

आणि तिने तो गार चहा त्यांना पाजला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर तिला स्वतःची भीती वाटली. पण दुपार झाली तशी ती पुन्हा कप घेऊन बसली.

शब्द मात्र येऊ लागले. कुणाला आवडो न आवडो, ममताच्या वर्गात सर पुढे सरकत होते. नेहा खूश. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "बोलण्याची जागा बिघडलीय, गाण्याची नाही. ती मेंदूत दुसऱ्या बाजूला असते. चालीवर म्हणायला लावा. येतं तुम्हाला काही? भजन, आरती?"

"ओव्या येतात," ममता म्हणाली आणि तिने सरांकडे बघितलं.

मग घरात जात्याशिवाय घरघर सुरू झाली. ममता सरांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर गोल गोल फिरवायची, खुंटा फिरवावा तसा, आणि ओवीच्या चालीत इंग्रजी वाक्यं घालायची. "आय हॅव ईटन राईस, गं बाई…" सर लाजेने लालबुंद व्हायचे. पण चाल त्यांना ओढून न्यायची. "आय… हॅव… ईट… न…" तोंडातून सबंध शब्द बाहेर पडला की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळायचा, आणि आपण कुणाच्या चालीवर उजळलो हे आठवून लगेच विझायचा. एक दिवस ममताच्याही नकळत तिचा हात सावकाश झाला, चाल मऊ झाली. दोघं बराच वेळ नुसती चाल म्हणत राहिली, शब्दांशिवाय. तेवढा एक दिवस.

त्याच दिवशी सरांनी विचारलं. आधी दाराकडे बोट केलं. मग दुसऱ्या उशीकडे. मग चालीत म्हणाले, "शी… हॅज… गॉन."

"हो. गुहागरला."

त्यांनी मान जोरात हलवली. ते नाही, ते नाही. कपाळावरची शीर फुगली. "व्हे… न?"

ममताचा हात थांबला.

"व्हेन?" सर पुन्हा म्हणाले. या वेळी स्पष्ट, शेवटचं अक्षर कातरून. म्हणजे कधी गेली ते सांग. वार सांग. जन्मभर पोरांना जे विचारायला बंदी केली, तेच ते विचारत होते. घरातला जो तो त्यांना गेलीय, गेलीय एवढंच सांगत होता. कुणी वार सांगत नव्हतं, वेळ सांगत नव्हतं, कुठल्या गाडीने ते सांगत नव्हतं. आणि मास्तरांच्या कानाला ते खटकलं होतं.

"मी दूध बघते," असं म्हणून ममता उठली. दूध फ्रिजमध्ये होतं.

संध्याकाळी पराग अंधेरीच्या ऑफिसातून आल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "ते विचारायला लागलेत. सांगून टाकूया."

"वेडी आहेस का? आत्ता कुठे बोलतायत. सांगितलं तर परत सगळं जाईल."

"मग काय सांगू? कधी येणार म्हणू?"

"थांब, मी करतो काहीतरी." पराग वाईट नव्हता. त्याला फक्त समोरच्याचं रडणं बघवत नसे, आणि अशी माणसं काय काय करून बसतात त्याला सुमार नसतो. तो हॉलमध्ये गेला, बाबांच्या गुडघ्याशी बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाबा, आईशी बोलणं झालं माझं. ती म्हणते, यायला तयार आहे. पण एक अट आहे तिची. तुम्ही तिला नावाने हाक मारायची. तुमच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय येत नाही म्हणाली. तुम्ही नाव घ्या, मी व्हिडिओ काढून पाठवतो. दुसऱ्या मिनिटाला निघेल बघा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा कुठेतरी लांब गेला, आणि ममताला दिसलं की त्यांना पटलं. पूर्ण पटलं. मागणं नेमकं हंसाबाईंचंच होतं. परागला ठाऊकही नसताना त्याने आईच्या मनातलीच गोष्ट नेमकी उचलून खोट्यात घातली होती.

"हे कशाला सांगितलंस?" आत येऊन ममता दबक्या आवाजात म्हणाली. "दुसरी काही अट नाही सुचली?"

"अगं, मुद्दामच सांगितलं. नेहा म्हणते ना, ते नाव पुसलं गेलंय, येणारच नाही. मग काय, करत राहतील प्रयत्न. वर्ष निघेल. त्यांनाही वाटत राहील की आपल्याच हातात आहे. आशा राहील."

"आणि घेतलं तर?"

"नाही घेता येत गं त्यांना!"

तेव्हा तरी ममताने सांगायचं. पुसलेलं नाही, नुसतं न घेतलेलं आहे, आज ना उद्या घेतील. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण पराग भांड्यातली उसळ बोटाने चाखत म्हणाला, "मीठ कमी आहे," आणि तिच्या आत काहीतरी थंड झालं. घेऊ देत नाव, तिला वाटलं. या माणसाची मान ज्या दिवशी वाकेल, तो दिवस मला बघायचाय. हंसाबाईंच्या वाटचा, आणि माझ्याही. तिने उसळीत मीठ टाकलं.

त्यानंतर दुपारी सरांनी वर्गाला नकार द्यायला सुरुवात केली. खोलीचं दार पायाने ढकलून लावून घ्यायचे. ममता बाहेर भाजी निवडत बसायची आणि आतून ऐकू यायचं. आधी नुसता श्वास. मग "हं…". मग चाल, ममतानेच शिकवलेली, पण तिच्यात आता कुणी इंग्रजी भरत नव्हतं. मांडीवर हात फिरल्याची खसखस. "हं… हं…". मध्येच एक हुंदका, मग पुन्हा पहिल्यापासून. चंपाबेन एकदा वाटी परत करायला आल्या आणि दारातच थबकल्या. "दादा भजन करते छे?"

"नाव घेतायत," ममता म्हणाली.

"भगवान का?"

ममताने भाजीची पुढची काडी उचलली. चंपाबेननी बंद दाराला हात जोडले आणि गेल्या.

मग एका रविवारी सकाळी सरांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवून परागला खूण केली. दाढी. मग कपाट. पांढरा सदरा, इस्त्रीचा. मग मोबाइलकडे बोट. पराग हसला, "अरे वा, आज शूटिंग!" त्याने त्यांना हॉलमधल्या खुर्चीत बसवलं. एकेकाळी त्या खुर्चीमागे फळा होता, त्याचे खिळे भिंतीत अजून होते. ममता स्वयंपाकघराच्या पडद्याशी उभी राहिली. पडदा नवा होता, उभं राहायची जागा तीच.

"हं बाबा, चालू केलंय."

सरांनी डावा हात मांडीवर ठेवला. गोल फिरवला. एकदा, दोनदा. आणि चालीत, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत म्हणाले:

"उंबऱ्यात… राहिलं… ते आज… घेतो… नाव…"

परागचा मोबाइल धरलेला हात खाली आला.

"हं… सा…" सर थांबले. घाम मानेवरून सदऱ्यात उतरला. "हंसा. हंसा, घरी ये…"

पुढची जोड त्यांना जमली नाही. उखाणा अर्धाच राहिला. पण नाव आलं होतं, आणि एकदा आल्यावर ते थांबेना. चालीशिवाय, साधं, घरातल्या घरात मारावी तशी हाक. "हंसा. ए हंसा. हंसा." मान वाकलीच नव्हती त्यांची. उलट सबंध चेहरा वर उचलला गेला होता, उंबऱ्यात अडवलेल्या नवरदेवासारखा. जो दिवस बघायचा म्हणून ममता इतके दिवस गप्प बसली होती, तो हा दिवस. आणि तिला त्यात हातात घेण्यासारखं काहीच सापडलं नाही.

पराग भानावर आला. "एक नंबर बाबा! पाठवला हं. हा बघा, गेला." त्याने कोऱ्या स्क्रीनवर अंगठा दाबला आणि बाल्कनीत जाऊन तोंड फिरवून उभा राहिला.

सरांनी खुर्ची दाराकडे वळवायला लावली.

जेवण आलं, त्यांनी ताट सारलं. दुपारी पडायला चला म्हटलं, मान हलवली. जिन्यात पावलं वाजली की ते सदऱ्याची कॉलर नीट करायचे. लिफ्टचं दार उघडलं, इस्त्रीवाला. पुन्हा उघडलं, चंपाबेनचा नातू. दर वेळी हंसाबाईंच्या वाटचं जे हसू त्यांनी चेहऱ्यावर तयार ठेवलं होतं, ते ते परत आत घ्यायचे, आणि पुन्हा बाहेर काढायचे. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, लादीवर आलं, त्यांच्या पायांशी आलं.

"लांबून यायचंय बाबा," पराग म्हणाला. "गाडी चुकली असेल. उद्या येईल."

सर परागकडे बघत होते. मग त्यांची नजर त्याला ओलांडून पडद्याशी उभ्या असलेल्या ममतावर आली आणि तिथेच ठरली. चूक कुणाच्या वहीत आहे हे मास्तरला कळतं. ते तिला बोलवत होते. डाव्या हाताने, बोटं हलवून, फळ्याशी बोलवावं तसं.

"सू… सूनबाई," ते म्हणाले. "तू… सांग."

"ममता," पराग घाईने म्हणाला, "त्यांना दूध दे. आत जा तू."

ममता आत गेली नाही. ती खुर्चीपुढे आली. दया आली म्हणून आली नाही. दया दाखवायचे दिवस तिने एकेक करून घालवले होते. पण त्या दाराकडे तो माणूस आता रोज असाच बसणार, आणि आपण रोज त्याच्यापुढे ताट ठेवणार, हे तिला दिसलं. ती लादीवर, त्या उन्हात बसली. त्यांचा डावा हात तिने धरला नाही. आपले दोन्ही हात मांडीत ठेवले.

"ममता, नको. तुला शपथ आहे माझी."

"बाबा, इकडे बघा," ममता म्हणाली. "आई येणार नाहीत. आई वारल्या. तुम्ही आयसीयूत होता तेव्हा, मंगळवारी, दुपारी. त्या रुसल्या नव्हत्या. गुहागरला गेल्याच नव्हत्या. रोज यायच्या तुमच्याकडे. आत सोडत नव्हते, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या. त्या दिवशीही बसल्या होत्या, मांडीवर पेजेचा डबा घेऊन. तिथेच मान टाकली. तुमच्यामध्ये नि त्यांच्यामध्ये एक भिंत होती. पराग तुमच्याशी खोटं बोलला. मीही बोलले. आणि बाबा, त्यांचं नाव तुम्ही विसरला नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."